संख्याशास्त्राच्या भाषेचा कित्ता

जबलपूर शहराच्या पूर्वेकडील रांझी हे उपनगर म्हणजे कारखान्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. १९०४ साली जबलपुरात सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियास उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ चा वाहन कारखाना यांनी या भागात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आणली. त्यांत मराठी माणसेही होती. मराठी माणसाला जबलपूर तसे नवे नव्हतेच. अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळापासून १८१७ पर्यंत येथे मराठ्यांचा अंमल होता. पुढे मध्यप्रांतात नागपूर आणि जबलपूर दीर्घकाळ एकाच कारभाराखाली नांदले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर मध्यप्रदेशात राहिले. माणसे मात्र जेथे होती तेथेच राहिली, आणि त्यांच्या घरांतून मराठीही राहिली.

ही मराठी पुण्याच्या कानाला थोडी निराळी वाटते. 'तो जाऊन राहिला' असे येथील आई सहज म्हणते, आणि नागपूर-वऱ्हाडाकडून आलेल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. याच घरातले मूल शाळेत गेले की हिंदी लिहू लागते. 'पुस्तक' हा शब्द दोन्ही भाषांत एकच. पण घरी पुस्तक चांगले असते आणि शाळेत तेच पुस्तक अच्छी होते. एकाच वस्तूचे लिंग फाटकाच्या आत एक आणि फाटकाबाहेर दुसरे, तरीही मूल गोंधळत नाही. का गोंधळत नाही, याचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक व्याकरणाला त्याची जागा, त्याची वेळ आणि त्याची माणसे नेमून दिलेली असतात. आईने सकाळी 'चांगले' आणि संध्याकाळी 'चांगली' म्हणण्याचा परिपाठ ठेवला असता, तर ते मूल कोणतीच भाषा धड शिकले नसते.

हा दाखला येथे घेतला तो एका वेगळ्याच भाषेसाठी. रांझीलगत गोकलपूर येथे १९४७ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शहराच्या दुसऱ्या भागात १९६४ साली स्थापन झालेले कृषी विश्वविद्यालय आहे. अशा ठिकाणी, आणि आता तर वैद्यक, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा सर्वच शाखांत, ज्याला आकड्यांशी व्यवहार करावयाचा आहे त्याच्या वाट्याला केव्हा ना केव्हा 'आर' नावाची संगणकभाषा येते. घरची मराठी, शाळेची हिंदी, महाविद्यालयाची इंग्रजी यांच्यानंतरची ही चौथी भाषा. पहिल्या तिन्ही भाषा ज्या शिस्तीने त्याच्याकडे आल्या, ती शिस्त या चौथीच्या बाबतीत क्वचितच पाळली जाते.

आर भाषेची जन्मकथा थोडक्यात अशी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली 'एस' नावाची भाषा रचण्यास आरंभ केला. आकडेमोड करणाऱ्याला यंत्राच्या अंतरंगात न शिरता थेट आपल्या सामग्रीशी बोलता यावे, हा तिचा हेतू. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी तिच्याच धर्तीवर स्वतःची भाषा तयार केली. १९९३ साली तिची वार्ता बाहेर गेली, १९९५ साली ती सर्वांसाठी मुक्त झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. भाषा विनामूल्य, तिची घडण उघडी, आणि कोणीही तिच्यात भर घालावी अशी सोय. भर घालणाऱ्यांनी ती इतकी घातली, की तिच्या जोडसंचांची संख्या आज वीस हजारांवर गेली आहे. पुण्यात सुधा पुरोहित, शरद गोरे व शैलजा देशमुख यांनी आर वापरून संख्याशास्त्र शिकविणारे इंग्रजी पाठ्यपुस्तक २००८ साली काढले. याचा अर्थ असा, की मराठी अध्यापकांच्या हाती ही भाषा येऊन आता बराच काळ लोटला आहे.

ज्या भाषेत कोणीही भर घालू शकतो तिचे वैभव मोठे, पण तिचे व्याकरण एकहाती राहत नाही. आर भाषेत एका नावाला एखादी किंमत द्यावयाची असेल तर मूळ रीत बाणाची: 'पेक्षा लहान' हे चिन्ह आणि त्याला जोडून वजाबाकीची रेघ. २००१ च्या अखेरीस निघालेल्या आवृत्तीपासून त्याच कामी बरोबरचे चिन्हही चालू लागले. त्याआधी एक तिसरीच रीत होती. शब्दाखाली ओढतात तसली अधोरेखा हीही किंमत देण्याची खूण होती. हे विचित्र वाटेल. परंतु १९६३ च्या संकेतावलीत कळफलकाच्या त्या जागी डावीकडे जाणारा बाणच होता आणि १९६७ च्या सुधारणेत त्याची अधोरेखा झाली, एवढे सांगितले की वैचित्र्य उरत नाही. २००३ साली ती रीत बंद पडली. तोपर्यंत नावात अधोरेखा घालण्याची सोय नसल्यामुळे जुन्या लेखकांनी दोन शब्द जोडण्यास टिंब वापरले, नव्यांनी अधोरेखा वापरली, तर काहींनी दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून वेळ निभावली. २०१२ साली या भाषेच्या नियतकालिकात नामकरणाच्या पद्धतींची पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात निदान पाच पद्धती एकाच वेळी नांदताना आढळल्या. इतिहास माहीत असलेल्याला यातील प्रत्येक गोष्टीचे कारण सांगता येते. नवशिक्याला इतिहास माहीत नसतो. त्याच्यापुढे फक्त पान असते.

पानावर काय असते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घ्यावे. एका तक्त्यात शेताच्या तुकड्यांची नोंद आहे; प्रत्येक तुकड्याला कोणते खत दिले आणि गव्हाचे उत्पन्न किती आले, असे दोन स्तंभ आहेत. प्रत्येक खताचे सरासरी उत्पन्न काढावयाचे आहे. आर भाषेत हे काम किमान चार प्रकारांनी होते. तक्त्याचे नाव, मग डॉलरचे चिन्ह, मग स्तंभाचे नाव, आणि चौकटी कंसात 'ज्यांचे खत अमुक' अशी अट, हा एक प्रकार; यात प्रत्येक खतासाठी वाक्य पुन्हा लिहावे लागते. दुसऱ्या प्रकारात 'टॅप्लाय' या क्रियापदाला आधी उत्पन्न, मग खत आणि शेवटी 'सरासरी काढ' ही आज्ञा, अशा ठरलेल्या क्रमाने तीन गोष्टी द्याव्या लागतात. तिसऱ्या प्रकारात उत्पन्न आणि खत यांच्यामध्ये एक तरंगासारखे चिन्ह घालून सूत्र लिहितात आणि तक्त्याचे नाव शेवटी सांगतात. चौथ्यात तक्ता आधी घ्यावयाचा, तो नळीतून सोडल्याप्रमाणे 'गट पाड' या क्रियापदाकडे पाठवावयाचा, आणि तेथून 'सारांश काढ' या क्रियापदाकडे. या नळीचे चिन्हही दोन प्रकारचे: एक २०१४ पासून एका जोडसंचातून आलेले, दुसरे मे २०२१ च्या आवृत्तीपासून भाषेच्या अंगचे.

उत्तर चारही प्रकारांत एकच. ज्याने ही भाषा दहा वर्षे वापरली आहे तो चारही प्रकार एकाच दुपारी, एकाच कागदावर वापरतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते. हाच मनुष्य वर्गात शिकविण्यास उभा राहिला की संकट उद्भवते. सोमवारी तो डॉलरने बोलतो, बुधवारी सूत्राने, आणि शुक्रवारी एखाद्या विद्यार्थ्याने शंका विचारली म्हणून घाईघाईने नळी जोडून दाखवितो. त्याच्या दृष्टीने ही समृद्धी असते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने काय असते?

लेखनातील एक फरक अर्थ बदलतो, दुसरा फरक केवळ रूप बदलतो; पहिला तो अर्थभेद, दुसरा रूपभेद. जाणत्याला कोणता फरक कोणत्या जातीचा हे माहीत असते म्हणून तो रूपभेदाकडे दुर्लक्ष करू शकतो. नवशिक्यापाशी ही चाळणीच नसते. त्याला प्रत्येक फरक अर्थपूर्ण वाटतो. सोमवारचे वाक्य आणि बुधवारचे वाक्य वेगळे दिसले की संख्याशास्त्रातच काहीतरी वेगळे घडले असावे, असे तो धरून चालतो. आणि जे तेथे नाही त्याचा शोध घेण्यात त्याची बुद्धी खर्ची पडते.

मराठी लेखनाच्या इतिहासात याचा उत्तम दाखला आहे. १९६२ पूर्वी 'नाहीं', 'तेथें', 'करणें' अशा शब्दांच्या डोक्यावर अनुस्वार असत. 'तें' आणि 'ते' यांत तो अनुस्वार खरोखर काही सांगत असे: एक नपुंसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. पण 'नाहीं'मधला अनुस्वार त्या काळच्या उच्चारात ऐकू येत नव्हता आणि अर्थातही काही भर घालीत नव्हता. शाळेतील मुलाला ठिपका सारखाच दिसे. कोणता बोलका आणि कोणता मुका हे त्याने कसे ओळखावे? मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर घातली, आणि मुके अनुस्वार गेले. त्या नियमांवर वाद पुष्कळ झाले आणि अजूनही होतात. परंतु दोन्ही पद्धती एकाच वर्गात, एकाच फळ्यावर चालू द्याव्यात असे म्हणणारा त्या वादात कोणीही नव्हता.

आता कोणी म्हणेल की हा केवळ सुबकपणाचा प्रश्न आहे. उत्तर बरोबर आले की झाले. पण येथेच धोका आहे. रांझी-खमरियाच्या कारखान्यांत काम केलेल्या कोणत्याही जुन्या कारागिराला विचारावे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धती आली, पण इंचाच्या मापाचे जुने काम एका दिवसात संपले नाही. मेट्रिक बोल्टावर इंची आट्यांचा नट चढविला तर तो एकदोन वेढे फिरतो आणि अडतो. अडणारा नट हा कारागिराचा मित्रच म्हटला पाहिजे, कारण तो चूक त्याच क्षणी सांगतो. आर भाषा पुष्कळदा अडत नाही. ती निमूटपणे एक आकडा हातात ठेवते.

समजा, एका विद्यार्थिनीने यंदाच्या उत्पन्नातून गतवर्षीचे उत्पन्न वजा करून 'फरक' नावाची यादी केली आहे. उत्पन्न तीन क्विंटलांपेक्षा अधिक घटले ते तुकडे कोणते, हे तिला हवे आहे. म्हणजे फरक हा उणे तीनपेक्षा लहान असला पाहिजे. ती 'फरक' लिहिते, 'पेक्षा लहान'चे चिन्ह लिहिते, त्याला चिकटून वजाबाकीची रेघ आणि तीन लिहिते. मध्ये जागा सोडण्याची सवय तिला कोणी लावलेली नाही. संगणकाला तेथे दिसतो तो बाण. 'फरक' या नावाला तीन ही किंमत मिळते, आधीची सगळी यादी पुसली जाते. आणि हे सारे चौकटी कंसात लिहिलेले असेल तर तक्त्यातील तिसरी ओळ उत्तर म्हणून पुढे येते. चुकीची सूचना नाही, तांबडे अक्षर नाही. विद्यार्थिनी अहवालात लिहिते की फक्त तिसऱ्या तुकड्यात घट झाली. बाणाच्या दोन्ही बाजूंस आणि तुलनेच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस एकेक जागा सोडण्याची सवय पहिल्या दिवसापासून हातात असती, तर हा प्रमाद घडलाच नसता. ही जागा म्हणजे नुसती शोभा नव्हे, हे येथे दिसते.

दुसरा प्रकार याहून फसवा. उत्पन्नाच्या स्तंभात बावीस, अठरा, पंचवीस असे आकडे आहेत आणि चौथ्या घरात कोणीतरी 'नोंद नाही' असे शब्द लिहून ठेवले आहेत. सरकारी तक्ते ज्यांनी हाताळले आहेत त्यांना असे घर नवे नाही. एका शब्दामुळे सबंध स्तंभ शब्दांचा ठरतो. एप्रिल २०२० च्या आवृत्तीपूर्वी आर भाषा असा स्तंभ आपण होऊन 'वर्गांचा' स्तंभ करीत असे, आणि वर्गांना क्रमाने अनुक्रमांक देत असे: अठराला एक, बावीसला दोन, पंचवीसला तीन, आणि 'नोंद नाही'ला चार. अशा स्तंभाचे थेट संख्येत रूपांतर करण्यास सांगितले की मूळ आकडे येत नाहीत, अनुक्रमांक येतात. मग दोन, एक, तीन आणि चार यांची सरासरी अडीच निघते. खरी सरासरी, तीन नोंदींची, एकवीस पूर्णांक सदुसष्ट शतांश असावयास हवी होती. जी नोंद मुळी झालीच नाही तिचाही चार हा आकडा हिशेबात धरला गेला! २०२० नंतर ही आपोआप होणारी गोष्ट थांबली आहे. पण जुन्या पुस्तकांतील आणि जुन्या फायलींतील वाक्ये उतरवून घेणाऱ्याला आजही ती भेटते. सामग्री वाचून घेतली की प्रथम तिची रचना पाहावयाची, मगच पुढील वाक्य लिहावयाचे, ही सवय वाक्यरचनेच्या सवयींतच मोडते. ती वेगळ्या प्रकरणात शिकवून चालत नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे. खरे आणि खोटे यांसाठी पूर्ण शब्द लिहावा, टी आणि एफ ही एकाक्षरी रूपे वापरू नयेत. पूर्ण शब्द भाषेने राखून ठेवलेले आहेत. एकाक्षरी रूपे ही साधी नावे आहेत आणि कोणीही त्यांना दुसरी किंमत देऊ शकतो. एखाद्याने वेळेसाठी टी हे नाव घेऊन त्याला शून्य किंमत दिली, की त्या क्षणापासून त्याच्या कागदावर खरे ते खोटे होते.

यावर उपाय म्हणून कोणती रीत निवडावी, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत, आणि ते तीव्रही आहेत. सूत्राच्या रीतीची कुळकथा मात्र शेतीशी इतकी निगडित आहे की ती सांगितलीच पाहिजे. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड या कृषिसंशोधन केंद्रात १९१९ पासून रोनाल्ड फिशर यांनी शेतातील प्रयोगांसाठी प्रचरणाच्या विश्लेषणाची पद्धती घडविली. त्या प्रयोगांचे वर्णन संगणकाला थोडक्या चिन्हांत कसे सांगावे, यासाठी विल्किन्सन व रॉजर्स यांनी १९७३ साली एक चिन्हलिपी प्रसिद्ध केली. १९९२ साली ती एस भाषेत आली आणि तेथून आर भाषेत उतरली. भारतात याच शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावर विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी शास्त्रज्ञांचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. पानसे-सुखात्मे यांच्या ग्रंथातील उदाहरण आज जबलपूरचा विद्यार्थी संगणकावर सूत्राने सोडवितो तेव्हा शेताच्या बांधावर जन्मलेली भाषा पुन्हा शेताकडेच आलेली असते.

या सूत्रातील तरंगचिन्हाला मराठीत एक नेमके नाव आहे, आणि मराठी अध्यापकांनी त्याचा उपयोग करून घ्यावा: ते चिन्ह म्हणजे 'नुसार'. 'उत्पन्न, तरंग, खत' याचे वाचन 'उत्पन्न, खतानुसार' असे करावे. रांझीचे मूल तेच हिंदीत 'खाद के अनुसार' असे वाचील आणि तरीही चुकणार नाही. मग सारे वाक्य असे होते: क्रियापद, कंसात उत्पन्न खतानुसार, आणि कोणत्या तक्त्यातून ते. क्रियापदाच्या जागी सरासरी घातली तर सरासरी, मध्यक घातला तर मध्यक, पेटी-आलेख घातला तर चित्र, दोनच खते असतील तर टी-चाचणी, आणि समाश्रयण हवे तर त्याचे क्रियापद. वाक्याचा साचा एक, बदलते ते फक्त क्रियापद. मूळ आर भाषेत सरासरीचे क्रियापद हे सूत्र स्वीकारीत नाही, ही एक उणीव आहे. अमेरिकेतील रँडल प्रुइम, डॅनियल कॅप्लन व निकोलस हॉर्टन या अध्यापकांनी 'मोझेक' नावाचा जोडसंच रचून नेमकी तीच भरून काढली. नवशिक्याला कमीत कमी शब्दांत अधिकात अधिक काम करता यावे, हे त्यांचे उघड धोरण होते.

नळीच्या रीतीचे पुरस्कर्तेही मूर्ख नाहीत. हॅडली विकहॅम यांच्या पुढाकाराने वाढलेल्या आणि २०१६ पासून एका संयुक्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडसंचांच्या या कुटुंबात क्रियापदांची नावे अर्थवाही आहेत, तक्ता नेहमी पहिल्या स्थानी येतो, आणि अस्ताव्यस्त सामग्री स्वच्छ करण्याच्या कामी तिला तोड नाही. अमेलिया मॅकनमारा या अध्यापिकेने एकाच प्राथमिक अभ्यासक्रमाच्या दोन प्रयोगवर्गांपैकी एक सर्वस्वी सूत्राच्या रीतीने आणि दुसरा सर्वस्वी नळीच्या रीतीने चालवून पाहिला. त्याचा वृत्तांत २०२२ साली प्रसिद्ध झाला. नळीच्या वर्गाचे पाठ किंचित लांब झाले, त्यात अधिक क्रियापदे आली आणि विद्यार्थ्यांनी संगणकावर अधिक वेळ घालविला; सूत्राच्या वर्गाने पूर्वतयारीच्या चित्रफिती अधिक प्रमाणात पाहिल्या. यावरून कोणाचा जय झाला असे म्हणता येत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. दोन्ही वर्गांचे काम अगदी थोड्या, परंतु सुसंगत शब्दसंग्रहावर भागले.

तेव्हा पहिल्या सत्रासाठी एक रीत निवडावी आणि सत्र संपेपर्यंत दुसरीचे नावही काढू नये. यात विद्यार्थ्याला शिस्त लावण्यापेक्षा अध्यापकाला लावणे अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. विद्यार्थ्याचा हात कोरा असतो. अध्यापकाच्या हाताला वीस वर्षांची वळणे असतात. बाणाने किंमत द्यावयाची असे ठरले की फळ्यावर, छापील पाठांत, प्रश्नपत्रिकेत आणि उत्तराच्या नमुन्यातही बाणच हवा. नावे लहान अक्षरांत आणि अधोरेखेने जोडलेली असे ठरले की एखाद्या जुन्या उदाहरणातील टिंबाचे नाव आधी बदलून घ्यावे, मगच ते वर्गापुढे ठेवावे. क्रियापदाला दिलेल्या प्रत्येक गोष्टीचे नाव लिहावे, केवळ क्रमावर विसंबू नये. कारण या भाषेत एका क्रियापदाला सामग्री आधी लागते तर दुसऱ्याला शोधावयाचा नमुना आधी लागतो, आणि क्रम पाठ करण्यात शहाणपण नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या मौखिक पाठांच्या उपक्रमात आर भाषेचेही पाठ आहेत. पाठ सुमारे दहा मिनिटांचा, शिकणाऱ्याने थांबत थांबत तेच वाक्य स्वतः उमटवावयाचे, अशी त्यांची पद्धत आहे. जुन्या पंतोजींच्या कित्त्यापेक्षा हे फार वेगळे नाही. कित्ता गिरविण्याला अलीकडे नावे ठेवण्याची चाल पडली आहे; परंतु ज्याचे अक्षर अजून बसावयाचे आहे त्याच्यापुढे पाच वळणांची पाच अक्षरे ठेवण्यात कोणते स्वातंत्र्य आहे, हे ती नावे ठेवणारे सांगत नाहीत.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. सुसंगत सवय म्हणजे बरोबर सवय नव्हे. सुखात्मे यांनीच पिकांच्या पाहणीत याचा प्रत्यय आणून दिला होता. उभ्या पिकाचा नमुना म्हणून अगदी लहान तुकडा आखून कापला, तर कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल जातो आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो, असे त्यांनी १९४० च्या दशकात दाखविले. लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा या प्रश्नावर मोठा वाद झाला. कापणारा प्रत्येक वेळी तीच चूक त्याच दिशेने करीत असेल, तर त्याच्या सातत्याने चूक भरून निघत नाही, साचत जाते. म्हणून कित्ता घालून देणाऱ्याने तो आधी पारखला पाहिजे. चुकीच्या सवयीचे सातत्यही विद्यार्थी तितक्याच निष्ठेने उचलतो. कोणत्याही तक्त्याचे स्तंभ मोकळे सोडून देणारी जी आज्ञा या भाषेत आहे, ती कित्येक जुन्या पाठांत पहिल्याच ओळीला आढळते. ती लिहिली की डॉलर आणि तक्त्याचे नाव लिहिण्याचा त्रास वाचतो. पण दुसरा तक्ता उघडला की एकाच नावाचे दोन स्तंभ एकमेकांवर पडतात आणि कोणता बोलतो आहे ते कळत नाही. ही आज्ञा सर्व पाठांत सारख्या निष्ठेने वापरली म्हणून ती चांगली ठरत नाही.

दुसऱ्या सत्रात दुसरी रीत यावी, आणि ती भाषांतर म्हणून यावी. विद्यार्थ्याला आता सूत्राचे वाक्य पुरते अंगवळणी पडलेले आहे. तेच उत्पन्न, तेच खत, तोच तक्ता घेऊन त्याने नळीचे वाक्य शेजारी लिहावे, आणि दोन्हींची उत्तरे जुळतात की नाही ते पाहावे. येथे त्याला प्रथमच कळते की वाक्य वेगळे असूनही अर्थ तोच असू शकतो, कारण आता अर्थ त्याच्या मुठीत असतो. हाच अभ्यास परक्या मजकुरासाठीही उपयोगी पडतो. विद्यार्थी आज शंका आली की संगणकालाच विचारतो. संभाषण करणारी नवी यंत्रे त्याला क्षणात दहा ओळी लिहून देतात, त्यांत दोन ओळी एका रीतीच्या, तीन दुसरीच्या असतात. अशा ओळी उतरविण्यास बंदी घालून काही साधत नाही. त्या आपल्या वर्गाच्या रीतीत लिहून आणल्याशिवाय स्वीकारावयाच्या नाहीत, एवढा नियम पुरे. जो त्या लिहून आणतो त्याने त्या वाचलेल्या असतात.

राहता राहिला प्रश्न एकाच विभागातील चार अध्यापकांचा. प्रत्येकाची रीत वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच श्रेष्ठ वाटते. सरकारी कचेरीत निरनिराळ्या शाखांच्या टिप्पण्या एका नमुन्यात आणण्यासाठी जे करतात तेच येथे करावे: सत्राच्या आधी एका दुपारी चौघांनी बसून एका पानाचा मसुदा तयार करावा. किंमत देण्याची खूण कोणती, नावे कशी लिहावयाची, जागा कोठे सोडावयाची, पहिल्या सत्रात कोणती क्रियापदे यावयाची आणि कोणती येऊ द्यावयाची नाहीत, एवढेच त्यात असावे. वाद कितीही झाला तरी संध्याकाळपर्यंत पान लिहून झाले पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेच्या भिंतीवर, विद्यार्थ्यांना आणि चौघांनाही दिसेल अशा उंचीवर, डकविले पाहिजे.